साळूबाईची बत्तीशी

साळूबाईच्या तोंडात सहासष्टाव्या वर्षी एकोणतीस दात शाबूत होते. बत्तीसातले तीन गेले, तेही कुणी काढले म्हणून नाही, आपल्या मर्जीनं गेले. पानसुपारीनं त्यांचा रंग तव्याच्या बुडासारखा झाला होता, पण हलत एकही नव्हता. सुपारी ती अडकित्त्याशिवाय फोडायची. पोत्याची शिवण दातानं उसवायची. गोधडी शिवताना कात्री मांडीशी पडलेली असायची, तरी दोरा तोडायचा तो दातानंच, कच्चदिशी. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढं हे एकोणतीसच्या एकोणतीस दात जाणार आहेत, आणि त्यातला एकही किडला म्हणून जाणार नाही.

तिचं गाव सादडवाडी. नगरकडच्या अकोले तालुक्याच्या डोंगरात होतं, आता धरणाच्या पोटात आहे. तिथं चुलीतल्या राखुंडीनं दात घासायचे, नाचणीची भाकर खायची आणि डोंगरातला हिरडा गोळा करून बाजारला न्यायचा, एवढंच आयुष्य. लग्नात विडा तोडायचा खेळ झाला. नवऱ्यानं विडा दातात धरायचा, नवरीनं दुसऱ्या टोकानं तो तोडायचा. साळूबाईनं विडा तर तोडलाच, वर छगनच्या मिशीचे चार केसही नेले. छगन ओठ चोळत म्हणाला, "बायकू न्हाई, तरस आनलंय घरात." सगळा मांडव हसला आणि सगळ्यात मोठ्यानं नवरी हसली. सासूनं कानाशी येऊन दटावलं की नवरीनं असं दात काढून हसू नये. साळूबाईला ते काही जमलं नाही, ती जन्मभर तशीच हसली.

मग धरण आलं. धरणाआधी त्याचा माणूस आला, टेबल-खुर्ची आणि वही घेऊन. कुणाचं घर, कुणाची जमीन, कुणाला बदल्यात काय द्यायचं, ते त्या वहीत लिहिलं जाणार होतं. छगन त्या दिवशी हिरडा घेऊन राजूरच्या बाजारला गेलेला. साळूबाईची पाळी आली.

"घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव सांगा."

साळूबाईनं पदर तोंडात धरला आणि हसली. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं, हे त्या कारकुनाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याला ऊन लागत होतं.

"बाई, नाव सांगा. मागं रांग आहे."

"मालकांचं हाय घर."

"अहो, पण मालकाचं नाव काय?"

उखाण्यात घेता आलं असतं, पण सरकारी टेबलापुढं उखाणा कसा घ्यायचा. मागं उभ्या असलेल्या साऱ्या चुलत सासवा नि जावा. त्यातली एखादी पटकन सांगेल म्हणून साळूबाई त्यांच्याकडं बघत राहिली आणि त्या सगळ्या तिची फजिती बघत राहिल्या, हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. कारकून म्हणाला, "बरं, मालक आले की पाठवून द्या," आणि त्यानं पान उलटलं. छगन संध्याकाळी आला तेव्हा टेबल-खुर्ची पुढच्या गावाला गेली होती. तो तिथं गेला तर वही तालुक्याला गेली होती. पुढं यादी झाली, यादीवर शिक्के पडले, आणि त्यात छगन कुठंच नव्हता.

बाकीच्यांना कालव्याच्या कडेला जमिनी मिळाल्या. छगनला अकरा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवल्यावर मिळाली घरापुरती दोन गुंठे जागा. त्यानं साळूबाईवर कधी हात उचलला नाही की शिवी दिली नाही. एकदाच म्हणाला, जेवता जेवता. "एक नाव घ्यायचं हुतं, साळू." त्यापेक्षा त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. नव्या गावात आल्यावर चौथ्या वर्षी तो गेला. उशाशी कागदांची पिशवी तशीच होती.

त्या दिवसापासून साळूबाईनं एक नेम धरला. यादी सोडायची नाही. गावात कुणी कागद-पेन घेऊन शिरलं की साळूबाई हातातलं टाकून सगळ्यांच्या पुढं. "साळूबाई छगन, लिहा." छगन हे नाव ती आता खडखडीत आवाजात घ्यायची, चार माणसांत, गरज नसताना सुद्धा. यादी कशाची आहे ते नंतर विचारायची, कधी विचारायचीच नाही. सुईत दोरा उघड्या डोळ्यानं ओवणाऱ्या या बाईकडं शिबिरातले दोन चष्मे होते. कानाचं यंत्र होतं. चार पायांची काठी होती. एकदा तर बाळंतिणीला द्यायच्या पेटीच्या यादीत नाव घालून आली, तेव्हा नर्सबाईनं हात जोडले. मिळालेलं सगळं पत्र्याच्या ट्रंकेत जायचं. मुलगा आसाराम ओरडायचा, हे भंगार कशाला गोळा करते म्हणून. ती म्हणायची, "असू दे. पुढं लागंल."

हे नवं गाव म्हणजे गावठाण नंबर चार. पाथर्डीच्या अलीकडं, कालव्याच्या पार शेपटाला. नंबर एक, दोन, तीन वरच्या अंगाला आहेत, तिथंच पाणी संपतं. तीस वर्षं झाली तरी आजूबाजूच्या गावांना हे लोक अजून 'धरणवाले'च आहेत. पाणी प्यायला एक बोअर. त्या पाण्यानं इथं जन्मलेल्या पोरांचे दात उगवतानाच खडूसारखे उगवतात आणि त्यावर आडवे तपकिरी पट्टे येतात. आसारामची मुलगी धनश्री नववीत होती. शाळा शेजारच्या मोठ्या गावात. तिथं तिला कुणी धनश्री म्हणत नव्हतं, 'गंजकी' म्हणत होते. मास्तरांनी प्रश्न विचारला तर पोरगी उत्तर येत असून उठायची नाही, आणि बोललीच तर ओठ मिटून पुटपुटायची. हसू आलं की हात आधी तोंडावर जायचा, हसू मागून यायचं.

एक आजी तेवढी होती जिच्यापुढं तो हात खाली राहायचा. ओट्यावर साळूबाई गोधडी पसरून बसायची, धनश्री शेजारी चिंध्या निवडायची. साळूबाई शाळेतल्या त्या पोरांना असल्या इरसाल शिव्या हासडायची की धनश्री लोळून हसायची. मग आजीही हसायची, काळे दात पार दाढांपर्यंत दाखवून. "माझे बघ की कसे कोळशावानी. म्या कुनाच्या बापाला भ्याले का?" ती म्हणायची. गोधडीला शेवटचा टाका घालून दोरा कच्चदिशी तोडायची. पोरीला या जगात निर्धास्त वाटावं अशी तेवढी एकच जागा होती.

त्या फाल्गुनात गहिनीनाथ यादी घेऊन आला. गहिनीनाथ धरणवाल्यांपैकीच, ग्रामपंचायतीचा सदस्य, साळूबाईला मावशी म्हणणारा. नगरकडच्या एका दातांच्या कॉलेजनं आणि कुठल्याशा संस्थेनं मिळून धरणग्रस्त म्हाताऱ्यांना मोफत कवळ्या द्यायचं ठरवलं होतं. नंबर चारच्या वाट्याला चाळीस. एकोणचाळीस लिहून झाले होते.

"साळूबाई छगन," ती म्हणाली.

गहिनीनाथ हसला. "तुला कशाला कवळी, मावशे? तू लोखंड चावतीस."

"लिही म्हन्ते ना."

"चाळिसावं झुंबरबाईचं ठिवलंय. तिच्या तोंडात एक बी न्हाई."

झुंबरबाई तिची शेजारीण. मिश्री लावून लावून तिचे दात केव्हाच गळाले होते. ती लेकीकडं जामखेडला गेली होती.

"ती न्हाई ना आत्ता हितं," साळूबाई म्हणाली. "जे माणूस समूर न्हाई त्येचं नाव लिहीत न्हाईत. ते मला शिकवू नको."

गहिनीनाथला यादी त्याच दिवशी द्यायची होती. त्यानं लिहिलं. साळूबाईला केवढा आनंद झाला. झुंबरबाईचं काय, हा विचार तिच्या मनाला शिवला सुद्धा नाही, उगाच खोटं कशाला सांगा. एकदा तिच्या जावा हसत उभ्या राहिल्या होत्या, आज ती पुढं सरकली होती. कवळी मिळेल, ट्रंकेत ठेवू, म्हातारपणी दात पडले की लावू. म्हातारपण अजून यायचं आहे अशा थाटातच ती होती.

जायच्या सकाळी गहिनीनाथनं सगळ्यांना बसच्या दाराशी पढवलं. "तिथं इचारलं तर समदे दुखतात म्हनायचं. भाकर चावत न्हाई म्हनायचं. न्हाईतर नाव कटतं आन माझं तोंड काळं हुतं."

साळूबाईनं सकाळीच बाजरीची भाकर ठेच्याशी खाल्ली होती. बसमध्ये तिनं सुपारी फोडून चार बायकांना वाटली.

कॉलेजात ओळीनं खुर्च्या होत्या, आडवं झोपवणाऱ्या. तिच्या वाट्याला निकिता नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी आली. तिनं बारीक दांडीनं एकेक दात ठोकून पाहिला आणि थांबली. "आजी, हे तर घट्ट आहेत. दुखतात का खरंच?"

"लई दुखतात."

"सगळे?"

"समदे."

"भाकरी चावते?"

"न्हाई चावत बया."

निकितानं सरांना हाक मारली. सरांच्या मागं तीस खुर्च्या होत्या. त्यांनी बॅटरीचा झोत टाकला, काळा रंग पाहिला आणि वाकायची तसदी घेतली नाही. "पान खाणारी आहे. फुल सेटच्या यादीत आहे ना? मग क्लिअर करून टाक."

निकिता म्हणाली, "आजी, आज वरचे काढू, खालचे पंधरा दिवसांनी. चालेल ना?"

काढायचे म्हणजे दोनचार काढत असतील, नावाला, असं साळूबाईला वाटलं. आणि टेबलापुढं कुणी 'चालेल ना' विचारलं तर तिच्याकडं उत्तर एकच होतं. "व्हय," ती म्हणाली. कागदावर अंगठा उठवला.

सुया टोचल्या, तोंडाचा दगड झाला. पहिला दात निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला तिनं मोजायला सुरुवात केली. पाचव्याला हात वर केला, तर निकिता म्हणाली, "झालंच, आजी." झालं काहीच नव्हतं. दात निघत नव्हते. पोरगी घामाघूम झाली, पाय रोवून उभी राहिली, शेजारच्या मुलीला म्हणाली, "असले घट्ट दात मी पाहिले नव्हते गं." साळूबाईला सगळं ऐकू येत होतं. कापसानं भरलेल्या तोंडातून शब्द निघत नव्हता. हाडातून कडाकडा आवाज येत होता, डोंगरात झाड पाडतात तसा. ती छताकडं बघत मोजत राहिली, चौदापर्यंत.

उठल्यावर तिनं ट्रेमध्ये पाहिलं. वरचा भाग काळा, पण हिरडीच्या आत दडलेला, पान कधी न लागलेला भाग पांढराशुभ्र होता. तिनं खुणेनं दात मागितले. माणसानं चितेवर अख्खं जळावं असं तिची आई म्हणायची. निकिता म्हणाली, "देता येत नाहीत, आजी, नियम आहे." चौदाही दात दुसऱ्यांच्या दातांबरोबर पिवळ्या पिशवीत गेले.

घरी आली तेव्हा पदर रक्तानं ओला होता. धनश्री पदर बाजूला करायला गेली तर साळूबाईनं तिचा हात झटकला, आयुष्यात पहिल्यांदा. आसाराम म्हणाला, "तूच नाव दिलं ना? मंग आता रडती कशाला." खरंच होतं की त्याचं. ती पेज पिऊन निजली.

दहाव्या दिवशी ती गहिनीनाथकडं गेली. "खालचे ऱ्हाऊ दे, गहिन्या. मला न्हाई जायाचं."

"जोडीनं येती कवळी, मावशे. खालचे न्हाई काढले तर वरची बी मिळत न्हाई. नाव कटतं."

"मंग माझे वरचे?"

"ते आता कसे परत बशिवनार?"

गहिनीनाथ काही वाईट माणूस नव्हता. त्यानं चाळीस नावं सहीनिशी दिली होती आणि त्याला चाळीस माणसं बसमध्ये भरायची होती, एवढंच.

पंधराव्या दिवशी बस आली तेव्हा साळूबाई आधीच रस्त्याला उभी होती. याला काय म्हणावं ते ज्यानं त्यानं ठरवावं. पहिल्या खेपेला तिला ठाऊक नव्हतं. या खेपेला सगळं ठाऊक होतं, आवाजासकट.

निकितानं तिला ओळखलं. खालचे दात पुन्हा एकदा तपासले आणि सरांकडं गेली. परत आली ती मान खाली घालून. "आजी, खालचे चांगले आहेत. माझं मन होत नाही. पण योजनेत पूर्ण सेटच आहे. तुम्हाला नको असेल तर आत्ता सांगा, मी थांबवते."

साळूबाई तिच्या हातातल्या कागदाकडं बघत होती. वाचता येत नव्हतं, पण शेवटची ओळ आपली, हे ठाऊक होतं.

"मंग नाव कटंल का?" तिनं विचारलं. वरचे दात नसल्यानं शब्द फुसकन निघाले, निकिताला दोनदा विचारावं लागलं.

"हो. नाव काढावं लागेल."

खुर्चीच्या हाताला धरलेली साळूबाईची बोटं ढिली झाली. यादीत नाव असताना आपण होऊन ते कापून घ्यायचं, हे त्या बाईच्या रक्तातच उरलं नव्हतं. तिनं मान मागं टेकली आणि तोंड उघडलं.

कवळ्या यायला श्रावण उजाडला. समाजमंदिरात कार्यक्रम झाला, मागं भला मोठा फलक, पुढं चाळीस म्हातारे. प्रत्येकाला डबी मिळाली. "लावा आणि सगळ्यांनी हसा," फोटोवाला म्हणाला. सगळे हसले, चाळीस तोंडांत एकसारखे पांढरे दात. साळूबाईची खालची कवळी जिभेवर नाचत होती, ती ओठ दाबून बसली, तर फोटोवाल्यानं तिलाच नेमकं हटकलं. "मावशी, हसा की. फुकटचे दात आहेत." ती हसली. तो फोटो अजून ग्रामपंचायतीच्या भिंतीला आहे, दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी.

आठवड्यात हिरड्या सोलून निघाल्या. सवय होईल, म्हणाले. सवय झाली नाही. कवळी घासून घ्यायला कॉलेजात या, म्हणाले. पण बस शिबिरापुरतीच होती. आसारामनं एकदा रोजगार बुडवून तिला नेलं. तर निकिता पास होऊन गेलेली, सर रजेवर, आणि नव्या पोरानं कुठलं तरी टोक घासून दिलं, त्यानं ती जास्तच टोचायला लागली. कवळी ट्रंकेत गेली, चष्म्यांच्या शेजारी.

झुंबरबाई जामखेडहून आली होती, तिला सगळी कथा कळली होतीच. एके दुपारी साळूबाईनं डबी तिच्यापुढं ठेवली. "तू लावून बघ. तुला बसली तर घेऊन जा."

झुंबरबाईनं कवळी पदरानं पुसून तोंडात घातली. ती लागलीच मांडीवर पडली. पुन्हा घातली, पुन्हा पडली. झुंबरबाई त्या बोळक्यानं खदाखदा हसली. तिला हसता येत होतं, तिच्या हिरड्या वीस वर्षांच्या मुरलेल्या. मग हसू थांबवून म्हणाली, "माझे आपसूक गेले, साळे. तू तर देऊन आलीस." आणि डबी बंद करून तिच्या हातात दिली. माझी जागा घेतलीस, असं ती म्हणाली नाही. म्हणायची गरजच नव्हती.

गोधड्या थांबल्या. तुम्ही म्हणाल, दोरा कात्रीनं तोडता येतो. येतो की. साळूबाईनं कात्री घेऊन दोन दिवस पाहिलंही. पण टाका संपला की तिचं तोंड आपोआप दोऱ्याकडं जायचं, हिरडीखाली दोरा सापडायचा, ओला व्हायचा, तुटायचा नाही. तिसऱ्या दिवशी तिनं अर्धी गोधडी गुंडाळून ठेवली. ओट्यावर बसणं बंद झालं. भाकरी पाण्यात कुस्करून खायची, तीही सगळ्यांची जेवणं झाल्यावर, भिंतीकडं तोंड करून, कारण चघळण्याच्या आवाजानं जेवण जात नाही असं आसाराम एकदा बोलून गेला होता. झोप लागायची नाही. कधी कधी ती रिकाम्या भिंतीला म्हणायची, "एक नाव घ्यायचं हुतं तवा घेतलं न्हाई, आन नको तवा दिलं." सून म्हणायची, म्हातारीला चळ लागला.

एवढं होऊनही एकदा हसू आलंच. धनश्रीनं शाळेतली कसलीशी गंमत सांगितली, मास्तरांच्या चपलेची, आणि साळूबाईला आवरलंच नाही. कितीतरी महिन्यांनी ती पोटापासून हसली, आ वासून, पूर्वीसारखी. धनश्रीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. दारावरून शाळेतल्या दोन मुली जात होत्या.

"आजी," ती हळूच म्हणाली, "हात ठेव ना तोंडावर."

पोरीनं वाईट म्हणून सांगितलं नव्हतं. तिला जे येत होतं तेच तिनं आजीला शिकवलं. साळूबाईनं हात ठेवला, आणि त्यानंतर ती हसली असं कुणी पाहिलं नाही. धनश्रीही घरात ओठ मिटून बोलायला लागली.

संक्रांतीच्या आगेमागे पुन्हा एक बाई आली, पाठीला पिशवी, हातात टॅब. बरोबर गहिनीनाथ. विस्थापित लोकांच्या मनाची तब्येत कशी आहे, याची पाहणी होती. "ज्येला आतून बरं वाटत न्हाई, झोप लागत न्हाई, कशात जीव रमत न्हाई, त्येनं नाव द्यायचं," गहिनीनाथ घरोघर सांगत होता. "ह्या येळंला खरोखर चांगली मानसं हायेत." आणि ती होतीही चांगली. पाहणीनंतर दर आठवड्याला एक डॉक्टरीण येणार होती, ती नुसतं ऐकून घेणार होती. सगळ्या गावठाणात कुणाला खरी गरज असेल तर ती साळूबाईला होती. आणि यादी म्हटल्यावर सगळ्यांच्या पुढं धावणारी साळूबाई यादी आली म्हणताच आत गेली. ट्रंक उघडली. डबीतनं कवळी काढून लावली, वरची आणि खालची, दोन्ही. मग बाहेर येऊन ताठ बसली.

"आजी, झोप लागते का?"

"डाराडूर."

"जेवण जातं?"

"दोन भाकरी खाते."

"कधी एकटं वाटतं? रडू येतं? जगणं नकोसं वाटतं?"

"छ्या. कशापाय?"

"कुठं काही दुखतं का, आजी?"

खालच्या कवळीचं टोक हिरडीत रुतलं होतं. तोंडात रक्ताची खारट चव आली, ती तिनं गिळली. "काईबी दुखत न्हाई," ती म्हणाली.

बाईला बरं वाटलं. "छान. तरीही डॉक्टरांशी बोलायला नाव लिहू का तुमचं? काही करायचं नसतं, नुसतं बोलायचं."

"तसंच म्हनत्यात," साळूबाई म्हणाली. "माझं नाव नगं."

गहिनीनाथ बघतच राहिला. "मावशे, तू? आगं, यादी हाय."

"नगं म्हन्लं ना. मला काय बी झालेलं न्हाई. हितनं काई न्यायचं न्हाई."

बाईनं टॅबवर बोट फिरवलं, 'निरोगी' या खुणेला टेकवलं, आणि पुढचं पान उघडलं. दाराच्या चौकटीला टेकून धनश्री उभी होती. आजी रोज भिंतीशी काय बोलते ते तिला ठाऊक होतं. जेवताना पाठ का फिरवते तेही ठाऊक होतं. बाई तिच्याकडं बघून हसली. "आणि तू गं? शाळेत कसं वाटतं तुला? काही सांगायचंय?"

धनश्रीनं आजीकडं पाहिलं. आजी ओठ घट्ट मिटून बसली होती, डोळ्यांनी नको म्हणत होती. पोरीनं तोंडावर हात ठेवला आणि मान हलवून सांगितलं, काही नाही. बाईनं तिच्या नावापुढंही तीच खूण केली आणि ती नि गहिनीनाथ झुंबरबाईच्या घराकडं गेले.